प्रतिजैविकांच्या मात्रेनंतर गाईचे बंद पडलेले कोटीपोट

दुभत्या जनावरास आजार झाला, औषध दिले, आजार हटला. परंतु जनावर पूर्ववत् खाईना, रवंथ करीना, अशी तक्रार शेतकरी बंधूंकडून वारंवार ऐकू येते. "औषधाची उष्णता झाली" असे म्हणून कोणी चार दिवस वाट पाहतो, तर कोणी आजार उलटला असे समजून तेच औषध पुन्हा पाजतो. वाट पाहिल्याने काही वेळा भागते. औषध पुन्हा पाजल्याने मात्र पुष्कळदा गाय हातची जाते. हे असे का होते आणि अशा वेळी नेमके काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या मंडलातील एका गावी गतवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस घडलेली हकीगत प्रथम सांगतो. शेतकरी दोन एकर कोरडवाहू जमिनीचा. घरखर्च चालतो तो एका संकरित गाईवर. तिसऱ्या वेताची ही गाय दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर दूध देत होती. तिच्या उजव्या बाजूच्या मागील सडास कासदाह झाला. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तीन दिवस इंजेक्शने दिली, सडातून औषध सोडले आणि कासेची सूज उतरली. येथवर सर्व यथायोग्य झाले होते. परंतु आतले जंतूही मेले पाहिजेत, अशा समजुतीने शेतकऱ्याने कोणास न विचारता दुकानातून प्रतिजैविकाच्या मोठ्या गोळ्या आणल्या आणि त्यांची पूड करून ती गुळाच्या पाण्यातून चार दिवस गाईस पाजली. पाचव्या दिवशी गाईने पेंड सोडली, सहाव्या दिवशी कडबाही सोडला. शेण पातळ पडू लागले व त्यात अख्खे दाणे आणि न पचलेल्या चाऱ्याचे लांब तंतू दिसू लागले. दूध तीन लिटरांवर आले. मी मूरघासाच्या प्रात्यक्षिकासाठी त्या गावी गेलो असता गोठ्यात डोकावलो, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात आणखी एका औषधाची बाटली होती आणि अंगणात व्यापारी गाईची किंमत करीत उभा होता. त्याने सांगितलेली किंमत ऐकून घरातील बाई आत निघून गेल्या.

मी कृषिशास्त्राचा पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. त्यामुळे मी दोनच गोष्टी केल्या. बाटली बाजूस ठेवावयास लावली आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस दूरध्वनी केला. ते त्याच दिवशी दुपारी आले. पुढे त्यांच्याबरोबर राहून जे पाहिले व शिकलो, त्याच्या आधारे हा लेख लिहीत आहे.

कोटीपोट व त्यातील वस्ती

गाय, म्हैस, शेळी व मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील कोटीपोट हा सर्वांत मोठा कप्पा होय. मोठ्या गाईत तो शंभर ते दीडशे लिटरांचा किंवा त्याहूनही मोठा असतो व पोटाची जवळजवळ सर्व डावी बाजू व्यापतो. गाईने खाल्लेला चारा प्रथम येथे येऊन पडतो, भिजतो, आंबतो, पुन्हा तोंडात येऊन चघळला जातो आणि बारीक झाल्यावरच पुढील कप्प्यांत सरकतो.

कडबा, गवत, भुसा यांतील काष्ठमय तंतू पचविण्याचा रस गाईच्या शरीरात मुळीच तयार होत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ते काम कोटीपोटातील सूक्ष्म जीव करतात. तेथील रसाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे एक हजार कोटी जीवाणू आणि एक ते दहा लाख एकपेशीय आदिजीव असतात; शिवाय काही बुरशीही असते. हे आदिजीव फ्रान्समध्ये १८४३ साली ग्रूबी व डेलाफाँ या दोघा संशोधकांनी प्रथम पाहिले. त्यांतील मोठे जीव इतके मोठे असतात की, ताजा रस काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरला असता तीक्ष्ण नजरेच्या माणसास हलणारे ठिपके दिसू शकतात.

हे जीव चारा आंबवून त्यापासून काही आम्ले तयार करतात. ती कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि गाईस लागणाऱ्या एकूण शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती त्यांतूनच मिळते. त्यांपैकी ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग बनतो. ब गटातील जीवनसत्त्वेही येथे तयार होतात. शेवटी हे जीवाणू व आदिजीव चाऱ्याबरोबर पुढे वाहत जाऊन आतड्यात स्वतः पचतात व गाईस प्रथिने पुरवितात. शेतकरी गाईस चारतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो कोटीपोटातील वस्तीस चारतो आणि ती वस्ती गाईस पोसते.

या वस्तीस काही गोष्टी लागतात. हवा नसलेली जागा, सुमारे ३९ अंश सेल्सिअस उष्णता, आणि सहा ते सातच्या दरम्यानचा सामू. माती परीक्षणामुळे सामू हा शब्द शेतकऱ्यांस परिचित आहेच. हा सामू राखण्याचे काम मुख्यतः लाळ करते. मोठी गाय दिवसाकाठी शंभर लिटरांच्या आसपास लाळ गिळते आणि तीत खाण्याच्या सोड्याचा अंश असतो. लाळ सुटते ती चघळल्याने. आणि चघळणे होते ते लांब धाग्याच्या वैरणीने. म्हणून वैरण, रवंथ, लाळ आणि ही वस्ती यांचे एक चक्र आहे. त्यातील एक आरा निखळला की सबंध चाक थांबते.

औषध कोठे चुकते

प्रतिजैविक औषध रोगजंतू व उपकारक जंतू असा भेद करीत नाही. त्याच्या माऱ्यात जो सापडतो तो मरतो, नाहीतर त्याची वाढ खुंटते. औषध इंजेक्शनावाटे दिले असता ते रक्तातून रोगाच्या जागी जाते व कोटीपोटात त्याचा फार थोडा अंश पोचतो. तेच औषध तोंडावाटे दिले की ते प्रथम कोटीपोटात पडते आणि तेथील जीवाणूंवर त्याचा पहिला प्रहार होतो. टेट्रासायक्लीन वर्गातील गोळ्या व सल्फा औषधे यांबाबत हे विशेष ध्यानात ठेवावे. (सल्फा औषधे काटेकोर अर्थाने प्रतिजैविके नव्हेत, परंतु येथे त्याने फरक पडत नाही.) आदिजीव बहुतांशी जीवाणू खाऊनच जगतात. जीवाणू घटले व गाईचे खाणे थांबले की त्यांचीही उपासमार होते.

माणसास गोळी चालते, मग गाईस का चालू नये, हा प्रश्न त्या शेतकऱ्यानेही विचारला. माणसाच्या पोटात अन्न प्रथम माणसाच्या स्वतःच्या रसांनी पचते. जंतूंची मोठी वस्ती पुढे मोठ्या आतड्यात असते. गाईच्या पोटाच्या दारातच ही वस्ती आहे. तरीही माणूस यातून सर्वस्वी सुटतो असे नाही. प्रतिजैविकांनंतर होणारी हगवण डॉक्टरांस चांगली परिचित आहे. अमेरिकेतील डेन्व्हर येथे बेन आइझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा औषधांनंतर आतड्याच्या गंभीर दाहाने आजारी पडलेल्या चार रोग्यांस निरोगी माणसाच्या विष्ठेचा बस्ती दिल्याचे १९५८ साली प्रसिद्ध केले. वाचून किळस येते खरी. परंतु विशिष्ट जंतूमुळे वारंवार उलटणाऱ्या आतड्याच्या आजारावर हा उपचार आज मान्य झालेला आहे. गाईगुरांच्या बाबतीत हाच मार्ग त्याहून पुष्कळ जुना आहे, हे पुढे येईलच.

कोटीपोट थंडावले आहे हे कसे ओळखावे? निरोगी गाय दिवसातून सात ते आठ तास रवंथ करते. दुपारी गोठ्यात जाऊन पाहावे. बसलेल्या जनावरांपैकी बहुतेकांची तोंडे हलत असली पाहिजेत. गाईच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरावी व घड्याळ पाहावे. मिनिटास एक ते दोन वेळा मूठ आतून बाहेर ढकलली जाते. ही लाट मंद झाली, अथवा दोन-तीन मिनिटांत एकदाही आली नाही, तर कोटीपोट थकले असे समजावे. भकाळी कधी मऊ कणकेसारखी लागते, कधी थोडी फुगलेली असते. शेणात धड न पचलेला चारा दिसतो. अंगात ताप मात्र बहुधा नसतो. ग्रामसेवकांनी व पशुसखींनी मुठीची ही परीक्षा प्रथम चार निरोगी गाईंवर करून हातास सवय लावून घ्यावी. आजारी गाईवर प्रथमच मूठ ठेवणाऱ्यास काही कळत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

परंतु रवंथ बंद होण्याची दुसरी कारणेही आहेत आणि ती सोडून चालणार नाही. गाईने धान्याची रास किंवा पिठाचे पोते फस्त केले असेल, तर कोटीपोटात आम्ल साचते व काही तासांत प्राणावर बेतते. तार किंवा खिळा पोटात गेला असेल, तर गाय पाठ कमानदार करून उभी राहते, कण्हते व चालावयास नाखूष असते. नुकती व्यालेली गाय शरीरातील कॅल्शियम उतरल्यानेही थंडावते. गोचिडांमुळे होणाऱ्या तापांतही रवंथ थांबतो. या प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. म्हणून निदान पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनीच करावयाचे; आपण त्यांस कोणते औषध, किती व कोणत्या मार्गाने दिले होते, हे खरे खरे सांगावयाचे. दुकानातून आणलेले औषध लपविण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो. रागावतील या भयाने लपविलेल्या गोळीमुळे निदान चुकते, म्हणून रिकामे वेष्टन जपून ठेवून दाखवावे. दवाखाना दूर असल्यास १९६२ या शासकीय क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पथकाची मदत मागता येते.

रवंथाचे विरजण

आमच्या गाईच्या बाबतीत अधिकाऱ्यांनी तोंडातून नळी घालून कोटीपोटातील रस काढला. पहिला पेला लाळेचा असतो म्हणून टाकून दिला. नंतरचा रस करड्या रंगाचा, पाण्यासारखा व शिळकट वासाचा निघाला. निरोगी रस हिरवट असतो व त्यास आंबूस, परंतु किळस न आणणारा वास येतो. पेल्यात ठेवल्यावर निरोगी रसातील बारीक कण खाली बसतात आणि आंबण्याच्या वायूमुळे जाड तंतू चार ते आठ मिनिटांत वर तरंगतात. येथे सर्व गाळ तत्काळ तळाशी गेला आणि वर काहीच आले नाही. कागदाच्या पट्टीने पाहता सामू सातच्या वर होता. म्हणजे आम्ल साचल्याचा संशय फिटला. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात एकही आदिजीव हलताना दिसला नाही.

शेतकरी म्हणाला, "साहेब, आजार गेला म्हणता, मग गाय खात का नाही?" त्यावर अधिकारी म्हणाले, "दादा, घरातली माणसंच निघून गेल्यावर चूल कोण पेटवणार? आता औषध नको, माणसं आणू या." आणि त्यांनी दावणीच्या दुसऱ्या टोकास बांधलेल्या बैलाकडे बोट दाखविले.

उपाय असा आहे. निरोगी जनावराच्या कोटीपोटातील ताजा रस काढून तो आजारी जनावराच्या कोटीपोटात सोडावयाचा. दुधास विरजण लावतो तशीच ही क्रिया समजावी. स्वीडनमधील शेतकरी जुन्या काळापासून निरोगी गाईच्या तोंडातील चघळलेला रवंथ काढून तो खाणे सोडलेल्या गाईस देत असत. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सरकलेले चौथे पोट शस्त्रक्रियेने जागी बसविलेल्या गाईंपैकी काहींस १० लिटर रस व काहींस तितकेच पाणी दिले. रस मिळालेल्या गाई अधिक खाऊ लागल्या व त्यांचे दूधही अधिक राहिले.

कोटीपोटातील वस्ती एका जनावरातून दुसऱ्यात खरोखरच रुजते काय, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर सुबाभळीच्या चाऱ्याने दिलेले आहे. सुबाभळीत मायमोसीन नावाचे द्रव्य असते. पोटात त्यापासून बनणाऱ्या विषारी पदार्थामुळे ऑस्ट्रेलियात जनावरांच्या गळ्याची ग्रंथी सुजे व वाढ खुंटे. हवाई बेटांवरील शेळ्या मात्र हाच पाला खाऊन धडधाकट राहत. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने शोध घेतला असता, हवाईतील शेळ्यांच्या कोटीपोटात हे विष मोडणारा जीवाणू आहे, असे निष्पन्न झाले. तो जीवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांत सोडला तेव्हा तेथेही विषबाधा थांबली. हे यश १९८६ साली प्रसिद्ध झाले आणि १९९२ साली त्या जीवाणूस जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टीस जोन्सी असे नाव मिळाले. शेळीचे विरजण गाईस लागू पडले, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

विरजण ज्याचे घ्यावयाचे ते जनावर निवडण्यात हयगय करू नये. ते प्रौढ, चांगले खाणारे, नियमित रवंथ करणारे आणि अलीकडे कोणतेही प्रतिजैविक न दिलेले असावे. त्याचा चारा शक्यतो आजारी जनावराच्या चाऱ्यासारखाच असावा, म्हणजे त्याच वैरणीस सरावलेले जीव मिळतात. क्षय, जोन्सचा रोग व सांसर्गिक गर्भपात यांविषयी त्या गोठ्यात शंका असता कामा नये. (जोन्सचा रोग निराळा, वर उल्लेखिलेल्या शास्त्रज्ञाशी त्याचा संबंध नाही.) गावात लाळ-खुरकूत चालू असेल तर हा उपाय त्या काळात करूच नये. अनोळखी गोठ्यातील गाईपेक्षा आपल्याच दावणीचा बैल बरा, असे अधिकाऱ्यांचे मत पडले, आणि माझ्या दृष्टीने ते व्यवहारास धरून आहे.

रसाचे प्रमाण मोठ्या गाईस किमान तीन लिटर असावे. आठ ते सोळा लिटर मिळाल्यास उत्तम. शेळी-मेंढीस सुमारे एक लिटर पुरतो. रस काढल्यावर जाड फडक्यातून गाळावा आणि लगेच द्यावा. या जीवांस हवा व थंडी दोन्ही मानवत नाहीत. म्हणून बादलीत उघडा ठेवून गप्पा मारीत बसू नये. थोडा वेळ जाणारच असेल, तर कोमट पाण्याने विसळून घेतलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये काठोकाठ भरून झाकण लावावे. उकळते किंवा हातास चटका देणारे पाणी त्यात मिसळल्यास आणलेले सर्व जीव मरतात व मग दिलेला रस म्हणजे नुसते हिरवे पाणी होय.

नळीने रस काढणे व देणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. नळी श्वासनलिकेत गेली तर गाय जागीच दगावते. नळीची सोय नसेल तेथे, दूरध्वनीवरून पशुवैद्यकांचा सल्ला घेऊन, रवंथाचा उपयोग करता येतो. शांत स्वभावाचा बैल रवंथ करीत असता घास वर आला की जाणत्या माणसाने तो तोंडातून काढून घ्यावा. दाढांत बोटे सापडण्याचा धोका असल्याने सवय नसलेल्याने यात पडू नये. असे पाच-सहा घास अंगाइतक्या कोमट पाण्यात कालवून, गाळून लगेच पाजावेत व तीन दिवस पुन्हा पुन्हा द्यावेत. नळीने दिलेल्या रसाइतका हा उपाय जोरकस नाही, परंतु दावणीपाशी होण्याजोगा आहे.

पाजताना होणारी चूक मात्र आजारापेक्षा भयंकर ठरते. कित्येक ठिकाणी गाईची मान आभाळाकडे वळवून, जीभ बाहेर ओढून बाटली रिकामी करतात. अशा स्थितीत गाईस गिळता येत नाही. द्रव फुप्फुसात उतरतो आणि दोन-चार दिवसांत गाय फुप्फुसदाहाने मरते. नाकपुडी डोळ्याच्या पातळीवर येईल इतकेच तोंड उचलावे, जीभ मोकळी ठेवावी, थोडे थोडे ओतावे, गिळू द्यावे आणि खोकला आला की तत्काळ मान सोडावी. आडव्या पडलेल्या किंवा गिळण्याची शक्ती नसलेल्या जनावरास तोंडावाटे काहीही पाजू नये.

विरजणानंतरचा खुराक

नवी वस्ती आणून सोडली आणि तिला खावयास दिले नाही, तर ती टिकत नाही. पहिले तीन-चार दिवस मुख्य अन्न म्हणजे चांगली, बुरशी नसलेली, लांब धाग्याची वैरण: ज्वारीचा कडबा किंवा वाळलेले गवत. कुट्टी अगदी बारीक करू नये. बारीक कुट्टीने रवंथ कमी होतो व लाळ कमी सुटते. बरोबर मूठ-दोन मूठ हिरवा मका किंवा लसूणघास रुची यावी म्हणून द्यावा. वैरण थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा टाकावी व उष्टी राहिल्यास काढून ताजी घालावी. स्वच्छ पाणी व चाटण्यास मीठ सदैव जवळ असावे.

दूध उतरले म्हणून आंबोण वाढविण्याची घाई होते. ही चूक मी अनेक गोठ्यांत पाहिली आहे. भरडा व पेंड जलद आंबतात; वस्ती अपुरी असताना त्यांचा भार पडला तर आम्ल साचून गाय दुसऱ्यांदा पडते. रवंथ नियमित झाल्यावर आंबोण नेहमीच्या चौथाईपासून सुरू करावे व दहा ते चौदा दिवसांत पूर्ववत् आणावे.

यीस्टयुक्त पुड्या बाजारात मिळतात. जिवंत यीस्टने कोटीपोटातील तंतू पचविणाऱ्या जीवाणूंस साहाय्य होते, परंतु ज्या पोटात वस्तीच उरलेली नाही तेथे पुडी एकटी फारसे करू शकत नाही. विरजणाबरोबर द्यावयास हरकत नाही, विरजणाऐवजी नको. ताकाबाबत लोकांची श्रद्धा मोठी आहे. ताकातील जीवाणू दूध आंबविणारे असतात, कडबा पचविणारे नव्हेत. थोड्या ताकाने अपाय होत नाही एवढेच म्हणता येईल. गूळ किलोकिलोने पाजणे मात्र सर्वथा टाळावे.

प्रत्येक गाईस विरजणाची गरज पडते असेही नाही. खाणे केवळ मंदावले असेल, दिवसातून थोडा तरी रवंथ होत असेल, तर वर सांगितलेली वैरण आणि इतर जनावरांच्या शेजारची जागा यांनीच दोन-तीन दिवसांत फरक पडतो. एकत्र चरणारी, एका गव्हाणीत तोंड घालणारी गुरे लाळेवाटे एकमेकांस ही वस्ती सहज देत असतात. एकटीच बांधलेली गाय या लाभास मुकते.

लहान वासराचे गणित वेगळे आहे. जन्मतः त्याचे कोटीपोट लहान व निष्क्रिय असते. प्यालेले दूध त्यास वळसा घालून थेट चौथ्या पोटात जाते. त्यामुळे वासरास विरजण पाजण्यात अर्थ नाही. तोंडावाटे दिलेले प्रतिजैविक वासराच्या आतड्यातील वस्ती बिघडविते. वासरांच्या बऱ्याच हगवणी विषाणूंमुळे किंवा आदिजीवांमुळे होतात व त्यांवर या औषधांचा उपयोगच नसतो. वासरू मरते ते प्रामुख्याने पाणी व क्षार निघून गेल्याने. म्हणून हगवण लागताच क्षार-साखरेचे पाणी सुरू करावे, दूध तोडू नये, आणि ताप किंवा ग्लानी दिसल्यास पशुवैद्यकास बोलवावे. मोठ्या जनावरांपासून पूर्णतः अलग वाढविलेल्या वासरांच्या कोटीपोटात आदिजीव येतच नाहीत. हगवण थांबून वासरू वैरण चघळू लागले की त्यास निरोगी प्रौढ जनावरांच्या सहवासात येऊ द्यावे. मात्र जोन्सच्या रोगाचा संशय असलेल्या गोठ्यात हे करू नये, कारण तो रोग लहान वयातच शेणावाटे जडतो.

दुधाबद्दल

औषध चालू असता व त्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत गाईचे दूध विकू नये व घरीही वापरू नये. ही मुदत वेष्टनावर छापलेली असते. ती नसल्यास दुधाकरिता किमान सात दिवस पाळावेत, असा नियम २०१२ पासून आहे. असे दूध डेअरीत मिसळले की त्यात विरजण नीट लागत नाही. गाईच्या पोटात जे घडले तेच दह्याच्या भांड्यात घडते. तथापि घरी दही लागले म्हणजे दूध निर्दोष झाले, असे मानू नये. दह्यास न जाणवणारा थोडा अंश त्यात राहू शकतो. टाकावयाचे दूध वाया जाते म्हणून वासरास पाजण्याची रीत आहे, तीही सोडावी. त्या थोड्या थोड्या औषधाने वासराच्या पोटातील जंतू औषधास दाद न देणारे बनतात. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, याची आठवण दुकानदारास करून देण्यास ग्रामसेवकांनी संकोचू नये.

आमच्या गाईस पहिल्या दिवशी बैलाचा पाच लिटर रस नळीने दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच. व्यापारी दुसऱ्या दिवशीही येऊन गेला. त्या दिवशी त्याने किंमत आणखी उतरविली होती. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीस गाईने घास वर आणला व चघळला. शेतकऱ्याच्या आईने तो प्रथम पाहिला व मुलास हाक मारली. पाचव्या दिवशी भकाळीतील मूठ मिनिटास एकदा हलू लागली. चौदाव्या दिवशी आंबोण पूर्ववत् झाले आणि दूध नऊ लिटरांवर स्थिरावले. त्या वेतात ते पुन्हा बारावर गेले नाही. उरलेल्या गोळ्या व ती न उघडलेली बाटली शेतकऱ्याने पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन जमा केली.